जुना व्हॉक्स, नवं खोकं

विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडणार असं कळलं की बडोद्यात लोक आधी गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि मग घरातलं सामान वर चढवायला घेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये समा भागातल्या काकांच्या तळमजल्यावर हेच चाललं होतं. फ्रिज दिवाणावर गेला, पोथ्या आणि फोटोंचे अल्बम माळ्यावर गेले. जिन्याखाली बुटक्या स्टुलावर ठेवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर मात्र तिथेच राहिला, कारण तो एकट्याला उचलत नाही आणि त्याला कुणी हात लावून बरीच वर्षं झाली होती. पाणी ओसरल्यावर त्याच्या काळ्या रेक्झिनवर खालून वीतभर उंचीवर मातीची रेघ उमटलेली. रेघेखालचा प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले, बोट टेकवलं तर आत जाईल असा. रेघेच्या वर सगळं कोरडं. याची घडणच अशी की दोन स्पीकर खाली, आणि व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), ट्रान्सफॉर्मर, नॉब धरून ठेवणारी चासी वर. दुरुस्तीचा विचार करता आला तो एवढ्यामुळेच.

हा व्हॉक्स एसी-३०. इंग्लंडात केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांची कंपनी होती. तिथे डिक डेनी यांनी आधी १५ वॅटचा एसी-१५ काढला, आणि मोठ्या सभागृहात तो अपुरा पडू लागल्यावर साठच्या दशकाच्या तोंडावर ३० वॅटचा हा थोरला भाऊ. बीटल्सच्या मागे हेच खोकं उभं असायचं. काकांचा सहा इनपुटांचा आहे आणि ‘टॉप बूस्ट’ची, म्हणजे आवाजाला जास्त धार देणारी, जोडणी चासीतच बसवलेली, म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यावरचा. नैरोबीहून परतलेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी तो सत्तरच्या दशकात घेतला. परदेशी वाद्यसामान तेव्हा दुकानात पैसे देऊनही मिळत नसे.

काका त्यावर हवाईयन गिटार वाजवायचे. गणपतीत दांडियाबाजारातल्या मंडळांपुढे, नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात, मधल्या दिवसांत लग्नांच्या रिसेप्शनला. मंडपातली धूळ, वर सांडलेला चहा, टेम्पोतली आदळआपट आणि रोषणाईच्या वायरीवरूनच ओढून घेतलेली वीज, हे सगळं त्याने सोसलं आहे. जपून ठेवलेली वस्तू तो कधीच नव्हता. पुढचं बरंचसं मी त्यावरूनच ठरवलं: तो पुन्हा कामाला लागायला हवा, नव्यासारखा दिसला नाही तरी चालेल.

सल्ले पुष्कळ मिळाले. एकाचं म्हणणं, नुसती चासी एखाद्या संग्राहकाला विकून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, इंग्लंडहून हुबेहूब रिकामं खोकं मागवा. वाहतूक आणि कस्टम धरून हिशेब सांगितला तेव्हा काका म्हणाले, "अगं, लाकडी पेटी कसली इंग्लंडहून आणतेस? इथले सुतार काय संपले?"

आधी चासी. पुरातून निघालेल्या विजेच्या वस्तूला दुसऱ्याच दिवशी प्लग लावून बघणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि माझ्या मते पाण्याने मरतात त्याहून जास्त वस्तू या प्लगने मरतात. वरचा भाग भिजला नव्हता, पण ओल सगळीकडे शिरतेच. मी मागच्या फळ्या काढून चासी बाहेर सरकवली आणि लोखंडी कपाटात ६० वॅटचा साधा बल्ब पेटता ठेवून तिला संथपणे सुकवलं. मकरपुरा जीआयडीसीत मोजमापाच्या उपकरणांची देखभाल हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, हाताशी होता. व्हॉल्व्ह काढून, फिल्टर कॅपेसिटर सोडवून ५०० व्होल्टवर तपासलं. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आणि चोक यांचं इन्सुलेशन १०० मेगओहमच्या वर निघालं. ट्रान्सफॉर्मर गेले असते तर मी हा उद्योग तिथेच सोडला असता. बाकी सगळं मिळतं, पण साठ वर्षांपूर्वी गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला तर त्याचा आवाज तोच राहील याची हमी कोण देणार.

चासीत जुन्या दुरुस्त्यांचा इतिहास होता. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे दोन पदर पिळून घातलेले. मुख्य वायर बदलून दोन पदरी केलेली, अर्थ नाहीच, कारण मंडपात तीन पिनांचं सॉकेट कुठलं असणार! हे काकांना दाखवल्यावर ते म्हणाले, "तरीच. माईकला ओठ लागला की चटका बसायचा. आम्ही समजायचो माईक खराब आहे, म्हणून दरवर्षी माईकवाल्याला शिव्या द्यायचो." तीन पदरी वायर, चासीला पक्का अर्थ आणि ठरल्या क्षमतेचा फ्यूज, हे मी इतर कशालाही हात लावण्याआधी केलं.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची चकती असते: ११५, १६०, २०५, २२५, २४५. ती २२५ वर होती. काकांच्या वाजवायच्या दिवसांत संध्याकाळी वीज ढेपाळायची, म्हणून तेव्हा ते बरोबरच होतं. आता माझ्या घरी मीटर २४० दाखवतो. २२५ च्या खाचेत २४० व्होल्ट दिले तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ६.७ व्होल्ट मिळतात आणि बाकीचे दाबही त्याच प्रमाणात चढतात. चकती २४५ वर आणली की फिलामेंटला ६.२ च्या आसपास. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही अशी ही दुरुस्ती, पण व्हॉल्व्हचं आयुष्य वाढवायला ती पुष्कळ आहे.

मग कॅपेसिटर. इथे माझं आणि ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं जुंपलं. तो म्हणे सगळेच बदल, नवे कितीसे महाग आहेत. मी म्हटलं, एकेक तपासून बदलीन. विजेचा मुख्य दाब साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर आतून वाळतात, त्यांचं वय झालं की झालं. ते सगळे काढले. पण सिग्नलच्या वाटेवरचे मोहरीच्या रंगाचे मुलार्ड कॅपेसिटर दाब देऊन तपासले तर एकही गळत नव्हता. तेच ठेवले. ऐंशीच्या दशकात कुणीतरी रेडिओचा एक देशी कॅपेसिटर मध्येच डकवला होता, तो मात्र गळका निघाला. त्याच्यापायी एका ईएल-८४ च्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या, ग्रिडवर (सिग्नल आत जातो त्या टोकावर) शून्याऐवजी दोनेक व्होल्ट येत होते. तो काढून ६३० व्होल्टचा नवा पॉलिप्रॉपिलीन बसवला. रेझिस्टरचंही तसंच. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाप्रमाणे चढतात. २२० किलोओहमचा एक २९० पर्यंत गेला होता. तेवढेच बदलले.

हे काम घरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्लग काढला तरी या कॅपेसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब बसून राहतो. मी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन क्लिपांना जोडून ठेवला होता. प्रत्येक वेळी आधी तो लावायचा, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं, मगच हात घालायचा. आणि जिवंत चासीवर मोजायचं तेव्हा एक हात पाठीमागे.

एसी-३० चे आउटपुट व्हॉल्व्ह जात्याच तापट चालतात. चारही ईएल-८४ च्या कॅथोडला मिळून एकच ५० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर मला ११ व्होल्टच्या वर मिळाले, म्हणजे चौघांतून मिळून २२० मिलिअँपिअर, एकाच्या वाट्याला ५५. व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन नावाच्या टोकाकडे जाणारा भाग वजा करून मुख्य टोकाच्या, म्हणजे प्लेटच्या, ३०० व्होल्टने गुणलं तर १५ वॅट. ईएल-८४ ची कागदावरची मर्यादा १२. ही रचना पहिल्यापासून अशीच आहे आणि त्या काळचे व्हॉल्व्ह ती निभावून न्यायचे. मी ६८ ओहमचा रेझिस्टर घालून त्यांना १२ च्या आसपास आणलं. जाणकार म्हणतात आवाजातला कडकपणा थोडा कमी होतो. असेल. मला कळला नाही.

व्हॉल्व्ह मिळवणं सगळ्यात सोपं निघालं. ईएल-८४ आपल्याकडच्या जुन्या रेडिओंमध्ये सर्रास असायचा आणि बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स तो स्वतः बनवायची. रावपुऱ्यातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे बीईएलच्या डब्या अजून होत्या; वापरलेले आणि न वापरलेले वेगळे ठेवलेले. त्यांनी टेस्टरवर लावून जवळपास सारख्या करंटचे चार निवडून दिले. जीझेड-३४ हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, मात्र त्यांच्याकडे नव्हता, तो स्लोव्हाकियात बनणारा जेजेचा मागवला. ईसीसी-८३ या सुरुवातीचा सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधला एक पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकरमधून टणकन वाजायचा. तो बाद.

आता खोकं. खरा वेळ त्यातच गेला.

पूर डोक्यात ताजा असल्यामुळे मी ठरवून टाकलं होतं की १८ मिमीचा आयएस ७१० मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय वापरायचा. वाडी भागातल्या मिस्त्रींकडे मापं घेऊन गेले: सुमारे ७० सेंमी रुंद, ५५ उंच, साडेसव्वीस खोल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेन, आ पेटी पाणीमां मूकवानी छे के स्टेज पर?" मुद्दा बिनतोड होता. गर्जन लाकडाचा मरीन प्लाय वजनदार असतो. या मापाच्या पेटीत पाइनपेक्षा अडीच-तीन किलो सहज वाढतात, आणि हे धूड आधीच तीस किलोंच्या घरात. शिवाय प्लायच्या कडेला स्क्रू मारला की पदर फाकतात, आणि इथे तर मागच्या फळ्या पुन्हापुन्हा उघडायच्या होत्या.

मिस्त्री पाइनच्या बाजूचे होते. मकरपुऱ्यात यंत्रं येतात ती परदेशी पाइनच्या क्रेटमधून, आणि त्या फळ्या जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. घेताना शिक्का बघायचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते आपल्याला नको. गाठी कमी, रेषा सरळ अशा फळ्या मिस्त्रींनी स्वतः वेचल्या आणि दुकानात पंख्याखाली उभ्या करून ठेवल्या. ओल गेल्याशिवाय ते रंधा लावायला तयार नव्हते, आणि नवरात्र तोंडावर असल्याने त्यांनाही घाई नव्हती. तेव्हा सगळं बडोदं गरब्याच्या मंडपांचं काम करत असतं.

साडेसव्वीस सेंमी रुंदीची अखंड फळी मिळणं कठीण. म्हणून दोन फळ्या कडेला कड चिकटवल्या, एकीच्या खोडाची वर्तुळं वर तर दुसरीची खाली. पाइन वाकायला गेलाच तर दोघी विरुद्ध दिशांना ओढतील आणि पाट सरळ राहील. चार कोपरे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे सांधले. खिळा एकही नाही, नुसतं फेविकॉल आणि क्लॅम्प. मूळ खोकं प्लायचं होतं हे मला ठाऊक आहे. संग्राहक नाक मुरडतील.

वाद झाला तो स्पीकरच्या फळीवरून आणि पाठीवरून. मिस्त्री गरब्याच्या साउंडवाल्यांना बॉक्स बनवून देतात. त्यांच्या हिशेबी बॉक्स म्हणजे जाड फळी, चारी बाजूंनी बंद, आतून रुईचा थर. मला हवी होती १२ मिमीची फळी आणि अर्धी उघडी पाठ. त्यांना वाटलं मी पैसे वाचवते आहे.

कारण असं आहे. बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटचा थोडा हिस्सा उलटा करून मागे दिला जातो, त्यामुळे स्पीकरला मोकाट सुटू न देता काबूत ठेवता येतं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. एसी-३० मध्ये तो नाही. स्पीकर स्वतःच्या ठरावीक सुरावर जास्त हलतो तेव्हा त्याला आवरणारं कुणी नसतं, आणि खोकं जे काही करतं ते तसंच्या तसं कानावर येतं. साउंडवाल्यांच्या बॉक्सने स्वतःचा आवाज मिसळू नये अशी अपेक्षा असते. इथे खोकं वाद्याचाच भाग आहे. फळी थोडी थरथरायला हवी. पाठ उघडी असली की मागून निघणारा आवाज पुढच्याशी मिळून खालचा घुमार काही अंशी खातो, आणि उरलेला आवाज मंचावर चारी बाजूंना पसरतो. वाजवणाऱ्याला त्यामुळे स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. एवढं सांगून झाल्यावर मिस्त्री म्हणाले की बुवा, हे तर तबल्यासारखं आहे, बंद केलं तर वाजणार कुठून. फळी १२ मिमीचीच झाली. २८३ मिमीची दोन भोकं त्यांनी पहिल्या फटक्यात अचूक कापली.

रेक्झिन सीट कव्हरवाल्याकडून आणलं, मागे कापड असलेलं, बारीक दाण्याचं काळं. फेविकॉल एसआर दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नीट टेकवायचं, कारण एकदा बसलं की सरकत नाही. कोपऱ्यांचं काम सीटवाल्याच्या मुलाने केलं. ते मला जमलं नसतं. पुढच्या जाळीचं चौकटी-चौकटीचं मूळ कापड मातीने गेलं होतं. तसंच परदेशातून मिळतं, पण मी मंगळबाजारातून तपकिरी मॅटी घेतली. तोंडाजवळ धरून फुंकर मारायची. पलीकडच्या तळव्याला वारा लागला तर आवाजही जातो. मुठी, वरच्या पितळी जाळ्या आणि नाव कोरलेली पट्टी जुनीच लावली. पितळ चिंच-मिठाने घासू नका, असं काकांनी मुद्दाम बजावलं. काळवंडलेलंच त्यांना आवडतं.

दोन स्पीकरांपैकी एक मूळचा निळा सेलेस्टियन, १५ वॅटचा, ॲल्निको चुंबकाचा. त्याच्या कागदी कोनाचा खालचा भाग भिजला होता. सावलीत आपोआप सुकू दिला. कोन किंचित लहरी झाला, पण बोटांनी हलकेच दाबला तर कॉइल कुठे घासत नव्हती. दुसराही निळाच, पण पूर्वी कधीतरी कोन बदललेला, आणि त्याच्या चुंबकाच्या फटीत गंज धरला होता. स्पीकर दुरुस्त करणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यांचा हंगाम नवरात्र, आणि २०२४ साली ते ३ ऑक्टोबरला बसलं, म्हणजे पुरानंतर जेमतेम महिनाभरात. त्यांनी दसऱ्यानंतर या म्हणून सांगितलं. दसऱ्यानंतर गेले तर त्यांच्याकडचे कोन जाड, मोठ्या वॅटेजच्या पीए स्पीकरांचे. गिटारला हलका कागद लागतो. शेवटी सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक, २५ वॅटचा, विकत घेतला. निळा १०० डेसिबल, ग्रीनबॅक ९८, म्हणजे निळा किंचित पुढे बोलतो. ही जोडी बरेच जण मुद्दाम लावतात. दोन्ही ८ ओहमचे, एकामागे एक जोडून १६. गंजलेल्याची चौकट आणि चुंबक जपून ठेवलं आहे. एका ग्रीनबॅकच्या किमतीत लाकूड, मजुरी, रेक्झिन सगळं बसून थोडे पैसे उरले असते, हेही इथे नोंदवते.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बोर्डवरून. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब मध्ये घातलेला असतो, म्हणजे आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि ॲम्प्लिफायर वाचतो. बल्ब आधी भगभगला, फिलामेंट तापू लागल्या तसा मंदावला, आणि जीझेड-३४ जागा झाल्यावर पुन्हा जरासा उजळून स्थिर झाला. असंच व्हायला हवं. सरळ विजेवर घेतल्यावर घरघर नाही, फक्त हलकी सळसळ.

पण गिटार जोडून खालचा ‘ए’, म्हणजे ११० हर्ट्झ, वाजवला की कुठूनतरी झर्र असा आवाज यायचा. मी स्पीकरचे स्क्रू आवळले, व्हॉल्व्हच्या क्लिपा दाबल्या, मागची फळी काढून बघितली. मिस्त्री आले. त्यांनी मला तोच सूर सारखा वाजवायला लावला आणि खोक्यावर तळवा फिरवत गेले. पितळी जाळीवर हात आला आणि आवाज थांबला. नव्या पाइनला जुनी जाळी नेमकी बसत नव्हती. सूरसागराजवळच्या हार्मोनियम दुरुस्तीवाल्यांकडून पट्ट्यांखाली घालतात तो फेल्ट आणला आणि त्याची कातरण जाळीखाली दिली. मौलाबक्षांच्या वेळची, १८८६ ची गायनशाळा त्याच तळ्याकाठी पुढे संगीत महाविद्यालय होऊन उभी आहे, त्यामुळे असला फेल्ट मिळायला बडोद्यात अडचण येत नाही.

काकांनी हवाईयन गिटार मांडीवर घेऊन टॉप बूस्टमध्ये वायर घातली, ट्रेबल पूर्ण खाली आणला, ‘कट’ हा वरचे सूर कमी करणारा नॉब अर्ध्यावर ठेवला आणि बराच वेळ वाजवलं. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा आहे म्हणाले. मग म्हणाले, ग्रीनबॅकची बाजू मवाळ वाटते. दोन डेसिबलचा फरक पंच्याहत्तरीच्या कानाला कळतो हे मला खरं वाटलं नाही. म्हणून त्यांना पाठमोरं बसवून मी स्पीकर आलटून पालटून लावले. दर वेळी बरोबर ओळखलं.

व्हायब्रेटोच्या चॅनलमध्ये अजून टिकटिक येते. त्या भागातले काही जुने रेझिस्टर आणि कॅपेसिटर संशयित आहेत. ते काम राहिलं आहे, आणि काका तो चॅनल कधी वापरत नाहीत म्हणून घाईही नाही. सध्या वाद खाली चाकं लावायची की नाहीत याचा आहे. काकांना हवीत, कारण उचलणारे आता घरात कमी. मिस्त्री म्हणतात लावू. माझा विरोध आहे: चाकांवरचं खोकं खालच्या सुरांना खडखडतं, आणि तो आवाज शोधायला मला पुन्हा फेल्ट आणावा लागेल.